चार्जरच्या वायरीएवढं अंगण

टाळेबंदीचा तिसरा महिना असेल. ऑनलाइन तासाला मी अंतर आणि विस्थापन, म्हणजे एकूण किती चाललो आणि निघाल्या जागेपासून शेवटी किती दूर पोहोचलो, यांतला फरक शिकवत होतो. नदी ओलांडणारी होडी, गोल मैदानाला फेऱ्या मारणारा धावपटू ही पुस्तकातली उदाहरणं त्या दिवसांत थट्टा केल्यासारखी वाटायची. म्हणून म्हटलं, प्रत्येकाने आपल्या फोनमधला कालचा पावलांचा आकडा चॅटमध्ये टाका, त्यावरच गणित करू. आकडे पडायला लागले. ६१२. ४३०. ९०५. एकाने २१४ लिहिलं. मला वाटलं, शेवटचा अंक टाइप करायचा राहिला. विचारल्यावर त्याने माइक सुरू केला. "बरोबर आहे सर. पलंगावरून टेबलापर्यंत, टेबलापासून बाथरूमपर्यंत, परत पलंगावर. विस्थापन शून्य." वर्ग हसला असावा. माइक सगळ्यांचेच बंद होते, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

आकडा काटेकोर नव्हता हे मान्य. फोन चार्जरला लावून ठेवला की तो पावलं मोजत नाही. पण फोन दिवसभर चार्जरला आणि पोरगं दिवसभर फोनला, हेच तर त्या काळाचं चित्र होतं. वायर जेवढी लांब, तेवढं अंगण.

त्याच सुमारास मी शिकवत होतो तिथे एक परिपत्रक निघालं. विद्यार्थ्यांचं शारीरिक आणि मानसिक आरोग्य लक्षात घेता प्रत्येकाने रोज ३० मिनिटं व्यायाम करावा, त्याचा छोटा व्हिडिओ अपलोड करावा, सोबतचा फॉर्म भरावा. अंतर्गत मूल्यमापनात त्याचे गुण धरले जातील. व्हिडिओ तपासायचं काम आम्हा काही जणांच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की एक मुलगा रोज वेगळ्या शर्टात, पण त्याच भिंतीसमोर, त्याच क्रमाने, तेवढेच सेकंद जागच्या जागी धावतो आहे, आणि मागच्या घड्याळात कायम चारला दहा मिनिटं कमी आहेत. एका दुपारी सहा शर्ट बदलून त्याने आठवड्याचा व्यायाम उरकला होता. मी त्याला पूर्ण गुण दिले. शर्ट बदलण्यातही थोडी हालचाल होतेच.

हा किस्सा मी नंतर बऱ्याच जणांना सांगितला. बहुतेकांचं म्हणणं एकच: हल्लीच्या मुलांना शिस्त म्हणून नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर मुळीच पटत नाही. महासाथीत विद्यार्थ्यांची हालचाल थांबली, कारण ती कधी इच्छाशक्तीवर चालतच नव्हती. ती चालायची वेळापत्रकावर, अंतरावर आणि सोबतीवर. या तिन्ही गोष्टी आम्ही, म्हणजे संस्थांनी आणि सरकारांनी, एका रात्रीत उचलून नेल्या आणि बदल्यात पोरांच्या हातात फॉर्म ठेवला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

एका साध्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. सकाळी बस पकडायला धावणं. दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, तळमजल्यावरची प्रयोगशाळा. मधल्या सुट्टीत कँटीन. ग्रंथालयाच्या रांगेत ताटकळणं, कुणाची तरी वही परत करायला पलीकडच्या इमारतीत जाणं, तास बुडवून मैदानाच्या कडेला रेंगाळणं. संध्याकाळी मित्राला स्टॉपपर्यंत सोडायला जाणं, आणि बोलणं संपलेलं नसतं म्हणून त्याने परत अर्ध्या वाटेपर्यंत आपल्याला सोडायला येणं. यातल्या एकाही गोष्टीला कुणी व्यायाम म्हणत नाही. शाळकरी मुलांचं तर विचारूच नका. दहा मिनिटांच्या सुट्टीत त्यांनी जेवढी धावाधाव केलेली असते तेवढी मोठ्या माणसाकडून आठवड्यात होत नाही. हे सगळं एकदम बंद पडलं. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे एप्रिल २०२० मध्ये १९० हून अधिक देशांत शाळा-महाविद्यालयं बंद होती आणि दीडशे कोटींच्या आसपास विद्यार्थी घरी बसले होते. अभ्यास बुडतोय याची ओरड पहिल्या दिवसापासून झाली. चालणं-धावणं बुडतंय, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

किती बुडालं, याचा एक अंदाज अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधून मिळतो. तिथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर एका संशोधनासाठी महासाथीच्या आधीपासूनच हालचाल मोजणारे पट्टे होते, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं मोजमाप आयतंच हाती आलं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रोजची सरासरी १०,००० पावलं होती, ती ४,६०० वर आली. झोप २५ ते ३० मिनिटांनी वाढली. पडद्यासमोरचा वेळ दुपटीहून जास्त होऊन ५ तासांच्या वर गेला. माणसांत मिसळण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला, दिवसाला अर्धा तासही उरला नाही. आणि मार्च ते जुलै २०२० या काळात नैराश्याचा धोका असलेल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण ४६ ते ६१ टक्क्यांच्या दरम्यान राहिलं. लहान मुलांचं आणि किशोरवयीनांचं चित्रही याच दिशेचं होतं. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी २०२२ मध्ये झाली, तिच्यात त्यांची एकूण हालचाल सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्याआधीच्या वर्षी आणखी एका छाननीने ८०,००० हून अधिक मुलांची आकडेवारी एकत्र केली होती: चारातल्या एकात नैराश्याची लक्षणं, पाचातल्या एकात चिंताविकाराची.

इथपर्यंतचे आकडे व्याख्यानांतून आणि अहवालांतून खूप फिरले. पिट्सबर्गच्या अभ्यासातला पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्यांची हालचाल जास्त घटली त्यांच्यात नैराश्याचा धोका जास्त दिसत होता. मग संशोधकांनी सरळ पुढची पायरी घेतली: हालचाल परत आणली तर मन सुधारतं का, बघू. काही विद्यार्थ्यांना यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निवडून चालण्याबद्दल पैसे दिले. पावलं वाढली. मनःस्थितीत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. संशोधकांनी स्वतःच याला कोडं म्हटलं.

व्यायामाचे भक्त हे ऐकून बिथरतात, म्हणून लगेच सांगतो: यावरून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही. प्रयोग थोड्या दिवसांचा होता. आणि प्रौढांवरच्या मोठ्या अभ्यासांची २०२२ मध्ये झालेली छाननी सांगते की शिफारस केलेल्या प्रमाणाच्या निम्मी हालचाल करणाऱ्यांमध्येही नैराश्याचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी दिसतो. मग कोडं कसं सोडवायचं? माझं उत्तर वर्गात उभं राहणाऱ्या माणसाचं आहे, संशोधकाचं नाही. आधीची दहा हजार पावलं कुणाकडे तरी निघालेली होती. मैत्रिणीकडे, मैदानाकडे, तासाला उशीर होतोय म्हणून वर्गाकडे. नंतरची पावलं आकड्याकडे निघाली होती. पट्ट्याला दोन्ही सारखीच दिसतात. ज्याच्या पायात तो पट्टा बांधल्यासारखा झाला होता, त्याला ती सारखी वाटत नसणार.

दुसराही एक अर्थ आहे आणि तो टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. कमी चालल्यामुळे मन खचतं, तसंच मन खचलं की माणूस अंथरुणातून उठत नाही. त्या काळातली बहुतेक सर्वेक्षणं 'तुम्ही व्यायाम करता का' आणि 'तुम्हाला कसं वाटतं' हे दोन प्रश्न एकाच फॉर्ममध्ये विचारून, उत्तरं जुळली की 'व्यायामाने मनःस्वास्थ्य सुधारतं' असा मथळा देऊन मोकळी झाली. कोणतं कारण आणि कोणता परिणाम, हे तशा फॉर्मवरून कळत नाही.

या बाबतीत मला जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरचं कायम कौतुक वाटतं. १९५३ मध्ये त्यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या ड्रायव्हरांची आणि कंडक्टरांची तुलना करून दाखवलं की दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. शारीरिक हालचालीच्या आधुनिक शास्त्राचा पाया इथे पडला असं मानतात. पण हा गृहस्थ तिथे थांबला नाही. त्याला शंका आली की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? म्हणून १९५६ मध्ये त्याने या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं काढली, आणि तरुण ड्रायव्हरांच्याही पँटींची कंबर कंडक्टरांपेक्षा जास्त निघाली! म्हणजे आपल्याच सिद्धान्ताला लागलेली वाळवी त्याने स्वतः शोधून छापली. महासाथीतल्या किती फॉर्मबहाद्दरांनी अशी कंबर मोजली असेल, देव जाणे.

मॉरिसच्या कंडक्टरांकडे बघताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्यांच्यापैकी कुणीही 'आज पायऱ्या चढू या' असं ठरवून घरून निघत नव्हतं. कुणी त्यांना प्रेरणादायी संदेश पाठवत नव्हतं. बसला जिना होता आणि वरच्या मजल्यावर तिकीट न काढलेली माणसं होती, एवढं पुरेसं होतं. जी हालचाल वर्षानुवर्षं टिकते ती बहुधा अशी कामाच्या पोटातच असते. विद्यार्थ्यांच्या दिवसालाही असाच जिना होता. तो काढून घेतल्यावर 'चढण्याची सवय ठेवा' असं सांगण्यात काय हशील?

महासाथीच्या आधी सगळं आलबेल होतं, असं मात्र म्हणता येणार नाही. १४६ देशांतल्या १६ लाख विद्यार्थ्यांच्या २०१६ पर्यंतच्या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी मांडलं होतं की ११ ते १७ वयोगटातले ८१ टक्के विद्यार्थी पुरेशी हालचाल करत नाहीत. या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हवीत. मुलांमध्ये कमी पडणाऱ्यांचं प्रमाण ७८ टक्के होतं, मुलींमध्ये ८५. विषाणू आला तेव्हा भिंत आधीच कच्ची होती.

मुलींचा आकडा वाचून पुढे जाऊ नये. घरी बसल्यावर मुलगा रिकामा झाला. मुलीला बहुतेक घरांत काम मिळालं. भांडी, केर, धाकट्या भावंडांचा अभ्यास. 'तुझी तर भरपूर हालचाल होते' असं तिला ऐकवलंही गेलं असेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीने व्हिडिओच पाठवला नाही. फोनवर विचारलं तर म्हणाली, "सर, आम्ही पाच जण दोन खोल्यांत आहोत. सगळ्यांसमोर उड्या कशा मारू? आणि कॅमेऱ्यात मागे सगळं घर दिसतं." तिच्यासाठी महाविद्यालय हीच एक जागा होती जिथे चालताना तिला कुणी 'कुठे निघालीस' असं विचारत नव्हतं. घरी व्यायाम करा, या सल्ल्यात एक घर गृहीत धरलेलं असतं. त्यात एक मोकळी खोली असते, खोलीला दार असतं आणि दाराला आतून कडी असते.

आता सरकारांकडे वळू. सुरुवातीच्या आठवड्यांत सगळं बंद करण्यावर माझा आक्षेप नाही. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली तेव्हा विषाणूबद्दल फार थोडं ठाऊक होतं आणि रुग्णालयं ओसंडून वाहत होती. त्या दिवसांत निर्णय घेणाऱ्यांच्या जागी मी असतो तर मीही कुलपंच लावली असती. आक्षेप आहे तो कुलपं कोणत्या क्रमाने उघडली यावर. मोकळ्या हवेत संसर्गाचा धोका बंद खोलीपेक्षा खूप कमी असतो, हे काही महिन्यांत पुरेसं स्पष्ट झालं होतं. तरी इंग्लंडमध्ये कपड्या-बुटांची दुकानं १५ जूनला उघडली आणि मुलांच्या झोक्या-घसरगुंड्यांच्या बागा ४ जुलैला, पबच्या बरोबरीने. स्पेनमध्ये तर मार्चच्या मध्यापासून २६ एप्रिलपर्यंत, तब्बल सहा आठवडे, १४ वर्षांखालच्या मुलांना फिरायला किंवा खेळायला बाहेर पडायची परवानगीच नव्हती. कुत्र्याला फिरवायला मोठ्या माणसाला होती. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटे गावाने आपल्या स्केटिंगच्या मैदानात ३७ टन वाळू ओतली, कुणी येऊ नये म्हणून. पोरं आली, आणि वाळूतच सायकली उडवायला लागली. मला ती बातमी वाचून फार बरं वाटलं होतं.

वेगळं करणारेही होते. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला लहान मुलांच्या शाळा उघडल्या आणि होईल तेवढे वर्ग बाहेर, मोकळ्यावर नेले. त्यात नवं काही नव्हतं. क्षयरोगावर औषध नव्हतं त्या काळात, १९०४ मध्ये, बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला नाजूक प्रकृतीच्या मुलांसाठी जंगलात शाळा भरवली गेली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात खिडक्या सताड उघड्या ठेवून वर्ग सुरू झाला, आणि मग युरोप-अमेरिकेत ठिकठिकाणी खुल्या हवेच्या शाळा निघाल्या. मोकळी हवा आणि मुलं यांची सांगड शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना सुचली होती. आमच्याकडे वेगवान इंटरनेट होतं, त्यामुळे आम्हाला ती सुचायची गरज पडली नसावी.

बंद खोलीची किंमत केवळ मनाने मोजलेली नाही. चीनच्या शांडोंग प्रांतातल्या एका शहरात शाळकरी मुलांच्या डोळ्यांची दरवर्षी तपासणी होते. सहा वर्षांच्या मुलांत लघुदृष्टीचं, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचं, प्रमाण २०१५ ते २०१९ या काळात कधी ५.७ टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. २०२० मध्ये ते २१.५ टक्के निघालं. दिवसाच्या उजेडात बाहेर घालवलेला वेळ डोळ्यांना जपतो, हे आधीपासून माहीत होतं.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जाणारी दोन उदाहरणं. पहिलं, ब्रिटनमधल्या जो विक्स या व्यायाम प्रशिक्षकाचं. शाळा बंद झाल्यावर त्याने रोज सकाळी यूट्यूबवर मुलांचा पीटीचा तास घ्यायला सुरुवात केली, आणि २४ मार्च २०२० ला साडेनऊ लाखांहून अधिक ठिकाणी तो एकाच वेळी बघितला जात होता. जागतिक विक्रमच झाला. म्हणजे पडद्यावरूनही जमतं की! जमतं, खरंच जमतं. पण नीट बघा, त्याने काय दिलं होतं. ठरलेली वेळ. रोज तोच चेहरा. आणि आत्ता या क्षणी आपल्यासारखी लाखो पोरं उड्या मारताहेत ही जाणीव. ना गुण, ना अपलोड, ना फॉर्म. शाळेच्या दिवसातला वेळापत्रक आणि सोबत हा भाग त्याने जमेल तेवढा परत केला होता. आमच्या परिपत्रकाने त्यातलं काहीच घेतलं नाही. घेतली फक्त ३० मिनिटं.

दुसरं उदाहरण माझ्या वर्गातलं. एक मुलगा, अंगाने जाड, सहज बोलता बोलता म्हणाला की टाळेबंदीत त्याला सगळ्यात जास्त कसली मजा वाटली असेल तर खेळाचा तास नसण्याची. संघ निवडताना शेवटी उरणं नाही, कपडे बदलायच्या खोलीतली टिंगल नाही. त्याच्यापुरतं विचाराल तर घरात बसणं आरोग्याला बरं होतं. मैदान सगळ्यांना सारखं उघडं नसतं, हे मैदानाचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्यांनी विसरू नये. आणि टाळेबंदीतच 'सहा आठवड्यांत शरीर घडवा' छापाच्या आव्हानांचं जे पीक आलं, त्याने किती मुला-मुलींना आरशासमोर उभं करून छळलं तेही बघायला हवं. त्या काळात अनेक देशांतल्या रुग्णालयांत खाण्याच्या विकारांसाठी दाखल होणाऱ्या किशोरवयीन मुलींची संख्या वाढली होती. व्यायाम हे प्रत्येकाला आणि कितीही मात्रेत द्यायचं औषध नाही. कोविड होऊन गेल्यावर ज्यांना थोड्या श्रमानेही दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं, अशा विद्यार्थ्याला 'जरा हातपाय हलव, बरं वाटेल' असं सांगणं हा तर शुद्ध अडाणीपणा.

शाळा-महाविद्यालयं पुन्हा उघडली तेव्हा वाटलं होतं, आता सुटलो. पहिल्या दिवशी शेवटचा तास संपल्यावर पोरं घरी जाईनात. जिन्यात, व्हरांड्यात, फाटकाबाहेर नुसती उभी. काही खास बोलणंही चाललेलं नव्हतं. शिपाई दोनदा ओरडून गेले. २१४ पावलंवाला मुलगा मला जिन्यात भेटला. धापा टाकत होता, दोनच मजले चढून. "सर, आज खरोखर दम लागला," असं म्हणून हसला.

ती धाप हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात २० वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला. तीन आठवड्यांत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता घटवली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. टाळेबंदी म्हणजे बिछाना नव्हे, तुलना तंतोतंत लागू होत नाही. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू इथे कामाची आहे. झोपून झाल्यावर त्या तरुणांना आठ आठवडे नीट सराव दिला गेला, आणि गेलेली क्षमता परत आली. जे आधी बैठे होते ते तर पूर्वीपेक्षाही पुढे गेले. म्हणजे भरपाई होते. तिला वेळ द्यावा लागतो, कुणीतरी ठरवून दिलेला.

आम्ही तो दिला नाही. अभ्यासक्रम मागे पडला होता, परीक्षा डोक्यावर होती, आणि वेळापत्रकात कुणाला नको असलेली एकच जागा होती: खेळाचा तास. तो गणिताने खाल्ला, इंग्रजीने खाल्ला. फिजिक्सनेही खाल्ला, म्हणजे मीच. दीड वर्ष घरात कोंडलेल्या मुलांना मी अधिकृतपणे मैदानावरून उठवून वर्गात बसवलं आणि त्यांना गतीचे नियम शिकवले. तेव्हा त्यातला विनोद मला दिसला नव्हता.

म्हणून पुढच्या वेळेसाठी, आणि पुढची वेळ येणार नाही असं कुणी समजू नये, माझं मागणं अगदी कोरडं, प्रशासकीय आहे. आपत्तीच्या काळात काय चालू ठेवायचं याच्या याद्या बनतात. त्यांत मुलांची मोकळी मैदानं शेवटी बंद होणाऱ्या आणि सगळ्यांच्या आधी उघडणाऱ्या जागांमध्ये लिहिली जावीत. दहा-बारा मुलांचा कायम तोच गट, मोकळी हवा, ठरलेली वेळ, एवढ्यावर खूप काही चालवता येतं. शाळा बंदच ठेवावी लागली तर दिवसाचे सहा तास पडद्यावर कोंबण्यापेक्षा दोन तास कमी करावेत आणि 'आता उठा' हे वेळापत्रकानेच सांगावं. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मधल्या शिफारशींत एक जुनी अट काढून टाकली: हालचाल मोजायला ती सलग दहा मिनिटं तरी हवी, ही प्रौढांसाठीची अट. आता तीन मिनिटंही धरली जातात. दोन तासांच्या मधल्या तीन मिनिटांना ना मैदान लागतं, ना चटई, ना व्हिडिओ. शिक्षकाने कॅमेरा बंद करून 'चला, खोलीबाहेर जाऊन या' एवढं म्हटलं तरी पुरतं. मी एकदाही म्हटलं नव्हतं.

खेळाचा तास परत मिळेल तेव्हा तो कसा असावा, यावर क्रीडाशिक्षकांनी लिहावं, मला त्यातलं कळत नाही. एवढंच म्हणेन की संघ निवडण्याची ती जीवघेणी पद्धत तेवढी बंद करा. दोन कप्तान, समोर उभी रांग, आणि शेवटी उरलेला एक. जाड मुलाला मैदानावर आणायचं असेल तर आधी ती रांग जायला हवी.

येत्या वर्षाच्या वेळापत्रकाचा कच्चा तक्ता आज टेबलावर आला आहे. बुधवारी चौथा तास, खेळ. त्या चौकोनात कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलने बारीक लिहिलंय, 'जादा फिजिक्स?' अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून चष्मा लावून बघितलं. माझंच आहे, गेल्या वर्षी लिहिलेलं; तोच तक्ता जसाच्या तसा पुढे आला आहे. खोडरबर शोधतो आहे.